देवाचं भय बाळगायचं की भिऊ नये? तरुण संघाच्या वचन अभ्यासासाठी मदत हवी

तरुणसंघ_येरवडा

सलाम मंडळी.

आमच्या चर्चच्या तरुण संघात रविवारच्या उपासनेनंतर चार आठवडे वचन अभ्यास घ्यायचा आहे. विषय पाळकसाहेबांनी दिलाय, 'परमेश्वराचे भय'. मुलं १६ ते २५ वयाची, बहुतेक कॉलेजात, काही नुकतीच खराडीच्या कंपन्यांत लागलेली. दर वेळी ४५ मिनिटं मिळतील.

नीतिसूत्रे १:७ ('परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ') सगळ्यांना पाठ आहे. पण कोणीतरी १ योहान ४:१८ काढणार हे नक्की, की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, मग भय कशाला? 'इथे भय म्हणजे आदर' हे तयार उत्तर सगळीकडे मिळतं, पण सीनाय पर्वताखाली लोक थरथर कापत होते त्याला नुसता आदर कसं म्हणायचं? शिवाय बऱ्याच घरांत 'देव बघतोय, शिक्षा करील' ही एकच भाषा मुलांनी ऐकलेली. कोणी नापास झालं तरी देवाचा हात पडला म्हणतात.

तर कुठून सुरुवात करू, कोणते उतारे घेऊ, आणि कुठे गाडी घसरते? नुसती वचनांची यादी नको, ती शब्दसूचीत मिळते.

---

कसबा_वाचक

'आदर' हे उत्तर चूक नाही, पातळ आहे. प्राचार्यांचा आदर सगळेच करतात आणि तरी कॉपी करतात. स्तोत्र ११९:१२० मध्ये भक्ताच्या अंगाला कापरं भरतं, यशया ६६:२ मध्ये देव वचनाने कंप पावणाऱ्याकडे पाहतो. कंप काढून टाकला तर हे उतारे शिकवताच येत नाहीत.

नीतिसूत्रांपासून सुरू करू नका. तिथे निष्कर्ष आहे, प्रसंग नाही. निर्गम २०:१८-२१ घ्या, तुमचा सीनायचाच प्रसंग. गडगडाट, विजा, शिंगाचा आवाज, धुमसणारा डोंगर. लोक मागे सरतात आणि मोशेला म्हणतात, तूच आमच्याशी बोल, देवाने बोलू नये. मग २० व्या वचनात मोशे एका दमात दोन गोष्टी सांगतो: भिऊ नका, आणि देव आलाय तो यासाठी की त्याचं भय तुमच्या डोळ्यांपुढे राहावं, म्हणजे तुम्ही पाप करणार नाही. 'भिऊ नका' आणि 'भय राहावं', दोन्ही एकाच वाक्यात. म्हणजे भयं दोन आहेत. ओळखायची खूण उताऱ्यातच आहे: माणूस देवापासून लांब सरतोय की पापापासून?

अगदी हीच रचना १ शमुवेल १२ मध्ये. गव्हाच्या कापणीचे दिवस, त्या देशात तेव्हा पाऊस नसतो, आणि शमुवेलाच्या प्रार्थनेने गडगडाटासह पाऊस पडतो. लोकांची गाळण उडते. वचन २० म्हणतं भिऊ नका, वचन २४ म्हणतं परमेश्वराचं भय धरा. मधल्या २१ मध्ये कारण सापडतं: देवाला सोडून निरर्थक गोष्टींच्या मागे लागू नका. पहिलं भय बसलं की माणूस नेमकं तेच करतो.

दुसरा उतारा लेवीय, बायबलमधलं नियमांचं पुस्तक. तरुण मुलं लेवीय उघडतच नाहीत, म्हणून मुद्दाम. 'आपल्या देवाचं भय बाळग' अशी आज्ञा तिथे पाच जागी येते: १९:१४, १९:३२, २५:१७, २५:३६, २५:४३. पाचही फळ्यावर लिहा आणि समोरचा माणूस कोण ते विचारा.

१९:१४ मध्ये बहिरा आणि आंधळा. बहिऱ्याला शिवी दिली तर त्याला कळणार नाही, आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवला तर कोणी ठेवला ते दिसणार नाही. १९:३२ मध्ये पिकल्या केसांचा म्हातारा. २५:१७ जमिनीच्या व्यवहारात. योबेल वर्षाला (दर पन्नासावं वर्ष, तेव्हा जमीन मूळ मालकाकडे परत जाते) किती पिकं उरली त्यावर भाव ठरवायचा, कमी-जास्त लावून एकमेकांना फसवायचं नाही. २५:३६ मध्ये कंगाल झालेला भाऊ, ज्याच्याकडून व्याज घ्यायचं नाही. २५:४३ मध्ये कर्जापायी राबणारा गडी. पाचांपैकी बहुतेक जण तुमच्याविरुद्ध तक्रार करू शकत नाहीत, केली तरी टिकणार नाही. साक्षीदार नाही, पुरावा नाही, पोलीस नाही. तिथे देवाचं भय हा एकच पहारा उरतो. अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) २५:१८ ची उलटी बाजू जोडा: अमालेकाने थकून मागे राहिलेल्या इस्राएल लोकांना गाठून मारलं, 'त्याला देवाचं भय नव्हतं'.

पुण्यातली मुलं इथे लगेच सिग्नल आणि मामांचं उदाहरण देतील. देऊ द्या, हसू द्या, पण तिथे थांबू नका, कारण मामा नसताना सिग्नल तोडला तर कोणाचं काय बिघडलं हे दिसत नाही. त्यापेक्षा फ्लॅट सोडणाऱ्या भाडेकरूचं डिपॉझिट 'रंगकामाचे' म्हणून कापणं, किंवा घरकामाच्या मावशींचे खाडे आपल्या सोयीने मोजणं, हे लेवीयच्या जास्त जवळ आहे.

---

नवाकरार_खडकी

वरचं सगळं मान्य. नव्या कराराचा भाग मी घेतो, नाहीतर मुलं म्हणतील हे जुन्या कराराचं, आपण कृपेखाली आहोत.

१ योहान ४:१८ एकटं वाचायचं नाही. १७ पासून वाचा. विषय आहे न्यायाचा दिवस आणि त्या दिवशीचं धैर्य. योहान स्वतः सांगतो की तो कोणत्या भीतीबद्दल बोलतोय: जिच्यात शिक्षा आहे तिच्याबद्दल. मोशेने 'भिऊ नका' म्हणून जी भीती बाजूला सारली तीच ही. दुसरी जागच्या जागी आहे: २ करिंथ. ७:१ (देवाच्या भयात पावित्र्य पूर्ण करत), फिलिप्पै २:१२, १ पेत्र २:१७, प्रकटीकरण १४:७.

सगळ्यात उपयोगी लूक १२:४-७. चार वचनं आहेत, चारही घ्या, एकही गाळू नका. शरीराला मारणाऱ्यांना भिऊ नका; ज्याला नरकात टाकण्याचा अधिकार आहे त्याची भीती धरा; पाच चिमण्या दोन दमड्यांना विकतात, तरी त्यातली एकही देव विसरत नाही; भिऊ नका. घोटाळा होतो तो असा की उपदेशक पाचव्या वचनावर थांबतो, किंवा थेट सातव्यावर उडी मारतो. मत्तय १०:२९ मध्ये एका दमडीला दोन चिमण्या आहेत. म्हणजे दोन दमड्यांना चार, आणि लूकमधली पाचवी वर फुकट. भाजीवरच्या कोथिंबिरीसारखी. जिची किंमतच धरली नाही तीही देवाच्या ध्यानात आहे. पाचव्या वचनातला देव आणि हा देव एकच, हे त्या चार ओळींत बसलंय.

मग मत्तय २५:२४-२५. धन्याने व्यापारासाठी एक तालान्त (मोठी रक्कम) दिलेला चाकर म्हणतो, तू कठोर आहेस, म्हणून मी भ्यालो आणि पैसा जमिनीत पुरला. चोरी नाही, उधळपट्टी नाही. फक्त भीती, आणि हातून काहीच नाही. मुलांना विचारा, हे परमेश्वराचं भय आहे का? बहुतेक 'हो' म्हणतील. मग बाकीचे दोन चाकर त्याच धन्याचे होते, ते व्यापाराला कसे गेले ते विचारा. भीतीमागे धन्याबद्दलचं मत आहे. आदाम उत्पत्ती ३:१० मध्ये भिऊन लपतो, तेही याच रांगेत.

ल्यूथरने १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत दहाही आज्ञांचा अर्थ सांगताना 'देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी' हीच सुरुवात ठेवली. एक बाजूला टाकून दुसरं घेतलं नाही.

---

कॅथलिक_वडगावशेरी

थोडी भर. आमच्याकडे दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार) तयारीत पवित्र आत्म्याच्या सात दानांमध्ये ईश्वराचं भय शिकवतात. आधार यशया ११:२-३. म्हणजे ते धाकाने बसवायचं नसतं, आत्मा देतो ते. आणि तिसऱ्या वचनात त्या अंकुराला (इशायाच्या वंशातून येणारा राजा) परमेश्वराच्या भयात आनंद वाटतो असं आहे. शिक्षेच्या भीतीत आनंद कोणालाच नसतो, त्यामुळे वर चाललेला फरक इथे एका ओळीत दाखवता येतो.

थोमस अक्वायनसने भयाचे प्रकार केलेत. दोन पुरेत: गुलामाचं भय, ज्याला माराची धास्ती, आणि लेकराचं भय, ज्याला आपल्यामुळे बाप दुखावेल, आपण त्याच्यापासून तुटू ही धास्ती. तिसरा एक आहे, जगाचं भय. देवापेक्षा नोकरी, नाव, जीव यांची भीती मोठी. अंगणात विस्तवाशी बसून 'मी येशूला ओळखत नाही' म्हणणारा पेत्र हे त्याचं उदाहरण. तरुणांना खरं तर हाच प्रकार रोज भेटतो. अक्वायनस भयाची चर्चा आशेच्या प्रकरणात करतो हेही लक्षात ठेवा. आशेला मारणाऱ्या गोष्टी दोन, निराशा आणि देवाची दया गृहीत धरणं, आणि दुसरीवर औषध म्हणजे हे भय.

गुलामाचं भय टाकाऊच असं मात्र शिकवू नका. ऑगस्टिन योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या प्रवचनात म्हणतो की सुई आधी आत शिरते, तिच्यामागून दोरा येतो. सुई आतच राहिली तर दोऱ्याला जागा नाही. भीतीने चर्चला आलेलं पोर हाकलायचं नाही, पण दहा वर्षांनी तीच एक भीती उरली असेल तर शिकवण्यात काहीतरी राहिलंय.

---

तरुणसंघ_येरवडा

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवतोय. तीन शंका.

हनन्या-सप्पीरा (जमिनीच्या पैशाबद्दल खोटं बोलून जागीच मेलेलं जोडपं) घ्यावं का? कोणीतरी विचारणारच.

आमच्यात एक-दोघांच्या घरी बापाचा मार हा रोजचा भाग आहे. 'लेकराचं भय' म्हटलं की त्यांना काय ऐकू येईल याची काळजी वाटते.

आणि वर्गाची मांडणी. वाचन झालं की सगळे शांत बसतात, ही नेहमीची कथा.

---

नवाकरार_खडकी

हनन्या-सप्पीरा घ्या, पण प्रे. कृत्ये ५:४ वर बोट ठेवून. पेत्र म्हणतो, जमीन विकण्याआधी तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. म्हणजे पैसे ठेवून घेणं हा गुन्हा नव्हता, थोडं देऊन सगळं दिल्याचं भासवणं हा होता. हे न सांगता उतारा वाचला की दशमांश वसुलीचा उपदेश तयार होतो आणि मुलं कान बंद करतात. ती चूक इतक्या ठिकाणी होते की त्यापेक्षा उतारा न घेतलेला बरा. वाचला तर लगेच ९:३१ ला जा: मंडळी प्रभूच्या भयात आणि पवित्र आत्म्याच्या समाधानात चालत वाढत होती. भय आणि समाधान, दोन्ही.

---

कॅथलिक_वडगावशेरी

माराच्या घरातली मुलं असतील तर 'लेकरू-बाप' ही जोडी पहिल्या आठवड्यात आणूच नका. तो फरक आदाम, चाकर, निर्गम १ मधल्या सुइणी यांच्यावरून कळू शकतो. पुढे बाप म्हणायचंच झालं तर स्तोत्र १०३:१३-१४ धरा. तिथला बाप भय धरणाऱ्यांवर दया करतो, कारण आपण माती आहोत हे त्याला ठाऊक आहे. घरच्या बापावरून देव समजवायचा नाही. या देवाचं वर्णन आधी करा, घरच्या बापाशी तुलना वर्गात नकोच. १ पेत्र १:१७-१९ सुद्धा बघा. बाप म्हणून हाक मारता तर भय धरून वागा, कारण तुमची सुटका सोन्या-रुप्याने नाही, ख्रिस्ताच्या रक्ताने झालीय. भयाचं कारण म्हणून पेत्र छडी दाखवत नाही, दिलेली किंमत दाखवतो. स्तोत्र १३०:४ ही तसंच, तुझ्याजवळ क्षमा आहे म्हणून तुझं भय. हे वचन मुलांना उलटं वाटतं. वाटू द्या, त्यावर ती बोलतात.

आणि मार चालू असेल तर तो वचन अभ्यासात सुटत नाही. पाळकसाहेबांशी वेगळं बोला. मूल १८ च्या आतलं असेल तर १०९८ वर फोन.

---

कसबा_वाचक

मांडणी. 'तुम्ही देवाला भिता का?' असा प्रश्न चुकूनही विचारू नका. त्याला चर्चमधलं ठरलेलं उत्तर येतं आणि मग शांतता. फळ्यावर तीन रकाने आखा: कोणाला भ्याले, मग काय केलं, फायदा-तोटा कोणाचा झाला. माणसं मुलांनी भरायची. ४५ मिनिटांतली ५ प्रार्थना-गीताला, १० वाचनाला (दोनदा, वेगवेगळ्या आवाजात), २० रकान्यांना, उरलेली आजच्या व्यवहाराला. वाचन एकाच आवृत्तीतून करा, नाहीतर दहा मिनिटं 'माझ्यात वेगळं आहे' यातच जातात.

पहिला रविवार: निर्गम २० आणि १ शमुवेल १२. १ योहान कोणी काढलं तर 'तिसऱ्या रविवारी' म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, तिथल्या तिथे सोडवू नका.

दुसरा: लेवीय आणि माणसं. निर्गम १:१५-२१ मधल्या सुइणी शिप्रा व पुवा. इब्री मुलगे जन्मताच मारा हा फारोचा हुकूम स्पष्ट, त्या देवाला भितात म्हणून मुलगे जगवतात. देवाचं भय राजाच्या भयावर मात करतं, हे इतक्या सरळ दुसरीकडे दिसत नाही. मग उत्पत्ती ४२. योसेफ आता मिसरचा अधिकारी, धान्याला आलेल्या दहा भावांनी त्याला ओळखलेलं नाही. तो आधी ठरवतो की एकाने जाऊन धाकट्या बन्यामीनाला आणावं आणि बाकी सगळे कैदेत (वचन १६). तिसऱ्या दिवशी 'मी देवाचं भय बाळगणारा आहे' म्हणत बेत फिरवतो: एक कैदेत, बाकीचे धान्य घेऊन घरी (१८-१९). भाऊ पूर्ण त्याच्या मुठीत, जाब विचारणारा कोणी नाही. एका ऐवजी नऊ जण धान्याची पोती घेऊन निघाले, हा भयाचा हिशोब.

पण या रविवारचा मुख्य माणूस नहेम्या, अध्याय ५. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी तर हाच. लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलीत, पोरं गुलामीत गेलीत, श्रीमंत भाऊबंद व्याज घेतायत. नहेम्या विचारतो, आपल्या देवाच्या भयाने चालू नये काय? (वचन ९). नुसतं बोलून थांबत नाही. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल रुपं घेत. तो १२ वर्षं सुभेदार होता आणि भत्ता घेतला नाही. 'मी देवाच्या भयास्तव तसे केले नाही' असं त्याचं म्हणणं (वचन १५). खर्च थोडा नव्हता: १५० यहूदी आणि अधिकारी पंगतीला, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं. भत्ता कायदेशीर होता, हे ठासून सांगा. हक्काचं असूनही सोडलं, कारण लोकांवर ओझं जड होतं. 'ऑफिसात काय कायदेशीर आहे पण कोणावर तरी पडतं?' इथून चर्चा आपोआप सुरू होते.

तिसरा: लूक १२, मत्तय २५, १ योहान ४. वर लिहिलंयच.

चौथा: भय शिकावं लागतं. अनुवाद १७:१८-२० मधला राजा नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी काढतो, ती जवळ ठेवून रोज वाचतो, म्हणजे तो भय शिकेल आणि भाऊबंदांपुढे त्याचं मन उन्मत्त होणार नाही. अनुवाद ३१:१०-१३ मध्ये दर सात वर्षांनी मंडपांच्या सणात सगळ्यांसमोर वाचन, परक्यांसह. स्तोत्र ३४:११ म्हणतं 'मुलांनो या, मी तुम्हाला परमेश्वराचं भय शिकवतो', आणि पुढच्या धड्यात डोंगर नाही, वीज नाही: जीभ आवर, कपट बोलू नकोस, वाईट सोड, शांतीच्या मागे लाग. इथे मुलांना एकच काम द्या, आठवडाभर व्हॉट्सॲपवर कोणाच्या पाठीमागे काय लिहिलं ते स्वतःपुरतं बघायचं. वर्गात कबुली मागू नका. एकाने दिली की बाकीचे खोटं बोलतात.

घसरण्याच्या जागा अजून दोन. अपघात, आजार, नापास होणं याला देवाची शिक्षा म्हणणारं कोणी निघालं तर लूक १३:१-५ तयार ठेवा: शिलोहाचा बुरूज पडून मेलेले १८ जण इतरांपेक्षा पापी नव्हते. योहान ९:३ ही. दुसरी, 'आपल्यालाच भय आहे, बाहेरच्यांना नाही' हा सूर. अब्राहाम गरार या परक्या गावाबद्दल हेच गृहीत धरतो (उत्पत्ती २०:११), बायकोपायी आपल्याला मारतील म्हणून सारेला बहीण म्हणतो. आणि त्याच अध्यायात ८ व्या वचनात गराराची माणसंच अतिशय घाबरतात आणि राजा तिला परत करतो. पेठांत राहणाऱ्या मुलांचे शेजारी-मित्र सगळ्या धर्मांचे असतात. हा उतारा त्यांनी ऐकायलाच हवा.

---

तरुणसंघ_येरवडा

फारच उपयोग झाला. शेवटचं: २ राजे १७:३३ कुठे बसवू? 'परमेश्वराचं भय धरत आणि आपापल्या दैवतांचीही सेवा करत', हे मला गोंधळात टाकतं.

---

कसबा_वाचक

चौथ्याच्या सुरुवातीला, आणि २५ पासून. शोमरोनात आणून वसवलेले लोक, त्यांच्यात सिंह शिरतात, माणसं मरतात. अश्शूरचा राजा बेथेलला एक याजक पाठवतो, भय कसं धरायचं ते शिकवायला. सिंहांपुरतं भय आलं, बाकी सगळं होतं तसंच. ३३ म्हणतं ते भय धरत, ३४ म्हणतं ते भय धरत नाहीत. लागून लागून दोन ओळी. हे तुम्ही सांगू नका, ३२ ते ३४ तीन जणांना वाचायला लावा आणि थांबा. कोणीतरी 'सर, पण आत्ता तर...' म्हणतंच. त्याला दहा मिनिटं लागतील, तेवढी राजाच्या नकलेतून कापा.